देवीच्या डोक्यावरचं दुकान

चार नंबरचं दुकान माझं होतं. हे आधी ऐकून घ्या, मग बाकीचं. त्या व्यापार सौधाबद्दल हल्ली पेटेत, बेंगळुरातल्या जुन्या बाजारात, जो तो काहीबाही सांगत सुटलाय. कुणी म्हणतं इंजिनियर चुकला, कुणी म्हणतं जयनगरात नवे बाजार झाले म्हणून गिऱ्हाईक तुटलं. सगळं झूठ. तो सौध रघुजीनं उभा केला आणि मी पाडला. भिंती अजून उभ्या आहेत, जळल्या मेल्या, पण आत कुत्रं फिरकत नाही.

रघुजी म्हणजे माझा थोरला दीर. तोंडावर मी भावजीच म्हणत आले, डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही. पाठीमागे मात्र नुसतं रघुजी. त्याहून जास्त मान द्यायला माझी जीभ वळत नाही, स्वल्पसुद्धा नाही.

आम्ही शिंपी-रंगाऱ्यांतले. बेंगळुरात येऊन किती पिढ्या झाल्या ते कुणी मोजलेलं नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. कब्बनपेटेत रस्त्याला लागून आमचं घर होतं. मधल्या चौकात, उघड्या आभाळाखाली, दगडी ओट्यावर आमची कुळदेवी हिंगुळांबा. रस्त्याकडच्या खोलीत माझं शिलाईचं मशीन. नवरा गेला त्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या मशीनवर बसले आणि नागनाथला वाढवला. त्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडायची. बायका जाता जाता खिडकीतून खण आत टाकायच्या, सोबत मापाचं जुनं पोलकं टाकायच्या आणि "ठकुअक्का, शुक्रवारपर्यंत हं!" म्हणून पुढे जायच्या. पाटी नाही, काही नाही. मी रस्त्याला दिसायची आणि रस्ता मला दिसायचा, एवढ्यावर माझा धंदा चालायचा. दुकान म्हणजे ती खिडकीच.

रघुजीची चिकपेटेत साड्यांची पेढी. पंचावन्न साली तिकडे विधानसौधाचं काम संपत आलं होतं, आणि हा रोज संध्याकाळी जाऊन मान वर करून ते बघत उभा राहायचा. बघता बघता डोक्यात वारं शिरलं. सरकारचा विधानसौध, तर माझा व्यापार सौध! तीन मजले, सत्तर दुकानं, सुईपासून सोन्यापर्यंत सगळं एका छपराखाली. शेजारच्या दोन जागा त्यानं घेतल्या. राहिलं आमचं घर, त्यात अर्धा वाटा माझ्या नवऱ्याचा, म्हणजे माझा.

"ठकुबाई," तो म्हणाला, "तुमची सही लागेल."

"आणि माझं मशीन कुठं ठेवू? तुमच्या डोक्यावर?"

तो हसला. मग देवीपुढे गेला आणि समईवर हात धरून म्हणाला, "दाराजवळचं चार नंबरचं दुकान ठकुबाईचं. रस्त्यावर मोठी खिडकी. देवीची शपथ." आमच्या घरात समईवर हात धरून बोललेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी सही केली. दुसरं काही मागितलं नाही. मूर्ख मी!

आता देवीचं काय करायचं? आमच्यात कुळदेवी जिथं बसली तिथून हलवत नाहीत. हलवायचीच वेळ आली तर समई लावणाऱ्या सुनेनं स्वतःच्या हातानं उचलायची, दुसऱ्या कुणी नाही. आणि घरात सून उरली होती एकटी मी, रघुजीची बायको कधीच गेली होती. मी म्हटलं, नाही उचलणार. तेव्हा रघुजीनं देवीला मधे ठेवूनच भोवती सौध बांधला. चौक तसाच, चारी बाजूंनी तीन मजले सज्जे, आणि वर मोकळं आभाळ. खरं सांगते, दिसायचा देखणा. खोटं कशाला बोलू?

सत्तावन्नच्या दसऱ्याला उघडला तेव्हा अर्धं बेंगळूर लोटलं. आत देवी, म्हणून पायताणं बाहेर. शिवाप्पा नावाचा पहारेकरी दारातच चपलांचे ढीग राखत बसायचा. एवढा थोरला बाजार आणि सगळे अनवाणी! गुळगुळीत गार फरशीवर बायकांच्या जोडव्यांचा आवाज व्हायचा. कंटोन्मेंटातल्या मडमा बूट काढायचे म्हटल्यावर नाक मुरडून परत जायच्या, पण पेटेतल्या बायकांना तेच आवडलं. आधी देवीला हळदकुंकू, मग बांगड्या, मग साडी, मग तिसऱ्या मजल्यावर कॉफी. जाळीच्या लिफ्टमधून एकदा वर जायचं आणि उगाच परत खाली यायचं. म्हैसूर, तुमकूरहून लग्नाचे बस्ते बांधायला माणसं यायची.

आणि चार नंबर? चार नंबरला एक रेडिओवाला बसला.

मी जाब विचारायला गेले. रघुजी म्हणाला, "जरा दम धरा, ठकुबाई. रेडिओमुळे दारात गर्दी होते. तुम्हाला वर्षभरात देतो." वर्षभर मी घर पाडल्यावर नागनाथनं भाड्यानं घेतलेल्या खोलीत, मागच्या गल्लीत, अंधारात मशीन चालवलं. मला कोण शोधत येणार? खण टाकायला खिडकी कुठे होती? आज देतो, उद्या देतो. तोंडाला पानं पुसणं म्हणजे काय ते त्या वर्षी कळलं.

मग त्याला हाव सुटली. सत्तर दुकानं भरली होती, आणखी मागणी होती. चौकावरची ती मोकळी जागा त्याच्या डोळ्यांत सलायला लागली. एवढं आभाळ फुकट वाया जातंय! एकोणसाठच्या उन्हाळ्यात त्यानं पहिल्या मजल्याच्या उंचीवर चौक स्लॅब टाकून झाकला आणि त्यावर आठ दुकानं काढली. देवीच्या डोक्यावर ट्यूबलाईट आली.

सात दुकानं उचलली गेली. उरलेलं एक, अगदी मधलं, कुणी घेईना. व्यापारी काही आंधळे नव्हते. ते दुकान बरोबर देवीच्या मस्तकावर होतं.

तेव्हा रघुजीला माझी आठवण झाली. "घ्या, ठकुबाई. दुकान मागत होता ना? एकाहत्तर नंबर. घरच्या सुनेवर देवी थोडीच कोपेल?"

"भावजी, शपथ चार नंबरची होती."

"दुकान ते दुकान. घ्यायचं तर घ्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी घेतलं. नागनाथ म्हणाला, आई, नको. मी म्हटलं, गप बस. मला कुठं बसवलंय ते सगळ्यांना दिसू दे.

पहिल्या आठवड्यात कावेरी आली, कर्णिक रस्त्यावरची, माझी जुनी गिऱ्हाईक, शाळेत शिकवायची. मी तिच्या खांद्याला टेप लावला होता, तेवढ्यात खाली आरती सुरू झाली. घंटेचा आवाज कुठून आला असेल? तळपायातून. फरशी थरथरत होती. कावेरीनं एक पाय उचलला, मग दुसरा, जणू तापलेल्या तव्यावर उभी होती.

"अक्का, देवी कुठंय?"

मी गप्प बसू शकले असते. खालच्या बाजूला आहे गं, जरा तिकडे, असं म्हणू शकले असते. मी म्हटलं, "तुझ्या पायाखाली, बाई. तू तिच्या डोक्यावर उभी आहेस."

ती माप अर्धवट टाकून गेली. जिना उतरताना गालावर चापट्या मारून घेत होती.

त्या दिवशी मला कळलं की माझ्या हातात काय आहे. आणि मी ते वापरलं. लपवायचं कशाला? येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं. हसत हसत, टीप घालता घालता सांगायची, "सांभाळून पाऊल टाका हं, खाली आई आहे." लग्नाचा बस्ता घेऊन जाणारी दिसली की हमखास. "नवं वस्त्र देवीच्या डोक्यावर उभं राहून घेतलंत का? सरी, सरी, बरं बाई, तुमची मर्जी." कुणाच्या घरी पोर आजारी पडलं की पेटेतल्या बायका आपणच जोडून घ्यायच्या. मला पुढचं काही बोलावंच लागायचं नाही.

आधी माझ्या आसपासची सात दुकानं ओस पडली. मग लोकांनी धरलं की स्लॅब काय, दुसरा मजला काय, वर गेलं म्हणजे देवीच्या वरच गेलं. कॉफीवाला गेला. लिफ्ट रिकामी वर-खाली करायची, मग तीही थांबवली. बासष्टपर्यंत वरच्या मजल्यांवर दहा-बारा दुकानं उरली. त्यांतला एक आप्पाजी बांगडीवाला, माझ्या समोरच्या सज्ज्यावरचा. स्वभावानं गरीब, रोज मला आपल्यातला अर्धा चहा द्यायचा. "अक्का, हे बोलणं थांबवा ना," म्हणायचा. मी म्हणायची, "चार नंबर मिळालं की थांबवते." त्याचा चहा पिऊन मी त्याचंच गिऱ्हाईक पळवत होते. हे मला कळत होतं. तरी पीत होते.

नागनाथला तोवर जालहळ्ळीच्या कारखान्यात नोकरी लागली होती, लग्न झालं होतं, क्वार्टर मिळणार होतं. "चल आई, मशीन तिकडे लाव, वसाहतीत आपल्या लोकांच्या बायका आहेत, शिवणाला तोटा नाही." मी म्हटलं, चार नंबर घेतल्याशिवाय हलणार नाही. तो म्हणाला, "चार नंबरमध्ये आहे काय एवढं?" काय सांगणार? तो त्या खिडकीखाली पाळण्यात झोपायचा, त्याला काय आठवणार.

त्रेसष्टच्या श्रावणात रघुजी जिना चढून माझ्याकडे आला. मागे आप्पाजी आणि राहिलेले व्यापारी. इंजिनियरनं सांगितलं होतं की स्लॅब तोडला तर सज्जे खचतील. मग भटजींनी दुसरा उपाय काढला होता. देवीला उचलून थेट गच्चीवर न्यायचं, सगळ्यांच्या वर, पुन्हा आभाळाखाली. म्हणजे डोक्यावर कुणी नाही. खरंच शहाणा उपाय होता. फक्त उचलणार कोण? मीच.

रघुजीनं खिशातून किल्ली काढली. "चार नंबर. रेडिओवाला गेला. आजपासून तुमचं."

सहा वर्षं. सहा वर्षं मी त्या किल्लीसाठी जिवाचा कोळसा केला होता. हात पुढे करायचा, घ्यायची, खाली जायचं, देवी उचलायची. झालं! पण माझ्या तोंडून निघालं, "आधी खाली चला. देवीपुढे उभे राहा आणि सगळ्यांसमोर म्हणा, मी खोटी शपथ घेतली."

मला वाटलं, हा आता फणकारून जाईल. पण तो गेला, खाली चौकात. व्यापारी गोळा झाले, चार गिऱ्हाइकं थांबली, शिवाप्पा चपला सोडून आत आला. नागनाथ कारखान्यातून नुकताच आला होता, खांबाला टेकून उभा होता. साठीचा माणूस, मोठा व्यापारी. रघुजीनं डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "मी ठकुबाईला समईवर हात धरून शब्द दिला आणि तो मोडला. चूक माझी."

मी म्हटलं, "ऐकू आलं नाही, भावजी."

त्यानं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. आवाज फाटला होता. आप्पाजीनं सुटलो म्हणून माझ्याकडे पाहिलं, हात जोडले.

आणि मी? मला ते इतकं गोड लागलं, इतकं गोड लागलं, की मी म्हटलं, "इथं सगळ्यांना मराठी येत नाही. आता कन्नडमध्ये सांगा."

रघुजी माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं टोपी घातली, किल्ली खिशात टाकली आणि दारातून सरळ रस्त्यावर निघून गेला, अनवाणी. शिवाप्पा त्याच्या चपला हातात घेऊन मागे धावला. त्यानंतर रघुजीनं सौधात पाऊल टाकलं नाही.

"अहो अक्का," आप्पाजी म्हणाला, "त्याचं चुकलं. पण आम्ही तुमचं काय केलं होतं?"

"तुम्ही त्याच्या मागे उभे होता," मी म्हटलं.

नागनाथ त्याच आठवड्यात बायकोला घेऊन जालहळ्ळीला गेला. ट्रंक बांधता बांधता एवढंच म्हणाला, "आई, ते दोनदा म्हणाले. मी ऐकलं." मला या म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

पुढचं काय सांगायचं? ज्याचं त्यानं बघितलं. आप्पाजी होसूरला सासुरवाडीत गेला म्हणे, मुलीचं लग्न त्यानं तिकडेच उरकलं. मला पत्रिका आली नाही, का यावी? सोनार गेले, साडीवाले गेले. पावसाचं पाणी गच्चीवरून तिसऱ्या मजल्यात, तिथून दुसऱ्यात उतरायला लागलं. पारव्यांनी लिफ्टच्या जाळीत घरटी केली. पासष्टपासून सत्तर-ऐंशी दुकानांच्या त्या धडात माणूस म्हणून मी आणि शिवाप्पा. संध्याकाळी मी समई लावायची, शिवाप्पा घंटा वाजवायचा, आणि तो आवाज तिन्ही मजले हिंडून आमच्याकडेच परत यायचा. देवी तिथंच, तिच्यावर स्लॅब तसाच. मी एकटीनं उचलून वर न्यायची म्हटलं तर आता गच्चीचा जिना खचला होता.

मागल्या वर्षी, सदुसष्टच्या मार्गशीर्षात, शिवाप्पानं माझ्या हातात किल्ली ठेवली. "रघुजी यजमानांनी पाठवलीय. शेवटचं दुखणं आहे म्हणतात." चिठ्ठी नाही, निरोप नाही. चार नंबर.

मी भेटायला गेले नाही. किल्ली घेऊन दुकान उघडलं. दोन दिवस झाडलं, काचा पुसल्या, शिवाप्पाकडून मशीन खाली आणवलं, खिडकीशी लावलं. नवं रिळ घातलं. खिडकी मोठी होती, रघुजी म्हणाला होता तेवढीच मोठी. रस्ता दिसत होता. बसेस, सायकली, भाजीवाल्या, कॉलेजच्या पोरी. मी रस्त्याला दिसत होते. बसले. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. लोक समोरच्या बाजूनं जायचे. आमच्या बाजूची पायवाट ऐन बाजाराच्या वेळी मोकळी असायची.

नवव्या दिवशी एक मुलगी थांबली. विशीची असेल, गळ्यात कोरं मंगळसूत्र, हातात खण. इकडची नव्हती, नव्यानं सून म्हणून आलेली. रस्त्याच्या पलीकडूनच तिनं कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, इथं जवळ शिंपी कुठे आहे?"

"अगं, मीच की!" मी उठलेच. "ये ना आत. खिडकीतून टाक हवं तर."

तिनं मान हलवली. "तिथं नको, अम्मा. सासूबाईंनी सांगितलंय, त्या इमारतीच्या सावलीलासुद्धा जायचं नाही. तिथं एक बाई होती, तिनं देवीला पायाखाली घातलं. त्यामुळे तिचे सगळे गेले. तुम्हाला ठाऊक नाही?"

"कोण सांगतं असं?"

"सगळेच सांगतात."

मी टेप गळ्यात घालून दुकानातून बाहेर आले, रस्ता ओलांडला. म्हटलं, आत नको तर नको. इथं रस्त्यावर उभ्या उभ्या माप घेते, दोन मिनिटांचं काम. माझे हात अजून चांगले आहेत, चाळीस वर्षांचा हात आहे हा. मी टेप पुढे केला तशी ती दोन पावलं मागे सरली. खण छातीशी धरला. तिला माझा राग नव्हता, तुसडेपणाही नव्हता. ती घाबरली होती.

"तुम्ही आतून आलात, अम्मा," ती हळूच म्हणाली.

मी टेप गुंडाळला. मग तिला सांगितलं, असंच सरळ जा, मारुतीच्या देवळापाशी डावीकडे वळ, तिथं एक शिंपी बसतो, काम बरं करतो.